घटाला डोस देणारे फुवा

आजारी माणसाला भेटायला आलेला पाहुणा त्याच्या उशाशी बसतो, डोळ्याची खालची पापणी ओढून बघतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो, "पिवळा पडी गया हो. डोस कमी पडस." असा पाहुणा तुम्ही कधी पाहिलाय का? मी पाहिलाय. आजारी होते माझे वडील, त्यांना झाली होती कावीळ, आणि सल्ला देत होते आमचे फुवा. खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. या फुवांइतकी रासायनिक खतावर श्रद्धा असलेला माणूस साऱ्या तापीखोऱ्यात दुसरा सापडणार नाही. म्हणजे सापडतील, गावोगावी सापडतील, पण ते आमच्या नात्यात नाहीत, त्यामुळे त्यांच्या घरी मला दिवाळीला जावं लागत नाही.

फुवांच्या मते जगातल्या प्रत्येक दुःखाचं कारण एकच, डोस कमी पडला. जावई अबोल निघाला, डोस कमी पडला. गावातली शाळा चौथीच्या पुढे सरकली नाही, डोस कमी पडला. दोंडाईच्यापासून आठ किलोमीटरवरच्या त्यांच्या घरात शिरलात, तर दाराला पडदा युरियाच्या गोणीचा, खिडकीला पडदा डीएपीच्या गोणीचा, पायपुसणं सुपर फॉस्फेटचं. पावसात डोक्यावर घ्यायची खोळही गोणीचीच. फुई पापड मात्र त्या गोण्यांवर वाळत घालत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिने राखलेली ती एकमेव सीमा. तीन तुळशी फुवांच्या मायेने जळाल्यावर चौथी तिने शेजारणीच्या अंगणात लावली आणि रोज सकाळी तांब्या घेऊन ती शेजारी पाणी घालायला जाते. खताचा दाणा जिभेवर ठेवून फुवा ते कुठलं आहे ते सांगतात, आणि पाहुण्यालाही चाखून बघायचा आग्रह करतात. डोक्यावर कायम कुठल्या ना कुठल्या खत कंपनीची फुकट मिळालेली टोपी. मुलीच्या लग्नात फेटा बांधायला आलेल्या माणसाने टोपी काढायला सांगितली, तेव्हा फुवा म्हणाले, "वरतून बांध ना, भो." आणि त्याने वरतून बांधला. लग्नाच्या प्रत्येक फोटोत फेट्याखालून टोपीची चोच बाहेर आलेली आहे.

हसू येतं ना? मलाही येतं, आणि लगेच संतापही येतो. कारण हे अडाणीपण फुवा आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते, ते त्यांना पद्धतशीर शिकवलं गेलं. शिकवणारा दोंडाईच्यातल्या दुकानात पंख्याखाली बसतो. "या नाना, चहा घ्या," म्हणतो आणि युरियाच्या गोणीबरोबर एक नको असलेली बाटली गळ्यात मारतो. त्या जबरदस्तीला धंद्यात लिंकिंग असं देखणं नाव आहे. दर मोसमात एक गोणी वाढते, मिरची मात्र होती तेवढीच राहते. मिरची का वाढत नाही, असं फुवांनी विचारलं की उत्तर तयार असतं: डोस कमी पडला. देवळातला पुजारी तरी कधीमधी नशिबाला दोष देतो. हा दुकानदार दोषसुद्धा फुवांच्या गोणीतच भरून देतो. आणि ज्यांनी शेतकऱ्याला मातीची ओळख करून द्यायची ते साहेब लोक? ते येतात, ढेकळांवर बूट घसरू नये म्हणून बांधावरूनच फोटो काढतात आणि जातात.

तो बांध हाच या गोष्टीतला खरा मुद्दा आहे. फुवांच्या दोन वावरांमध्ये आठ-दहा पावलं रुंद एक पट्टा आहे. त्यावर एक निंब, दोन बोरी, शेंदूर फासलेला एक दगड आणि कमरेएवढं गवत. तिथे कधी नांगर गेला नाही, म्हणून खतही गेलं नाही. फुवांच्या सगळ्या जमिनीत उपाशी राहिलेली तेवढीच, असं ते मानतात. यंदा त्यांनी ठरवलं की दसरा झाला की जेसीबी बोलवायचा, बांध सपाट करायचा आणि मिरचीच्या आणखी चार सऱ्या काढायच्या.

मला हे फुईने फोनवर सांगितलं. "तूच काही कर माय, मन्हं ते आयकत नही," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. मी मेहरूणच्या माझ्या घरून निघाले ती थेट बांधावर. तिथे एक मिरचीचं रोप होतं, पक्ष्याने टाकलेल्या बियेतून आपोआप उगवलेलं. ते मुळासकट उपटलं. शेजारच्या वावरातलं दुसरं उपटलं. दोन्ही धुळ्याला एका प्राध्यापकबाईंकडे नेली. त्यांनी मुळं धुतली, निळ्या रंगात बुडवली आणि भिंगाखाली दाखवली. बांधावरच्या मुळात निळ्या धाग्यांचं जाळं भरलेलं होतं. ती बुरशी. मुळांना जिथे पोहोचता येत नाही तिथून ती पाणी आणते, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणते, आणि मातीचे कण चिकटवून तिला भुसभुशीत ठेवते. वावरातल्या मुळात? शोधून शोधून दोन तुकडे. "वर्षानुवर्षं स्फुरद ओतलं की झाड बुरशीला पोसणं सोडून देतं," बाई म्हणाल्या. "ती मरते, आणि मग झाडाला गोणीशिवाय दुसरा आधार राहत नाही."

त्याच दिवशी मी फुवांकडे गेले.

"उनी आमनी पत्रकवाली!" फुवा ओट्यावरूनच गरजले. मी मातीची पत्रकं वाटत फिरते, म्हणून हे नाव. "आज कसाना मोर्चा शे?"

"बांधाचा. फुवा, तुमच्या मिरचीच्या मुळात बुरशीच उरली नाही."

"बरं जायं. बुरशी त लोणचाले लागस, पोर. मन्हा मिरचीले लावू नको."

"ही वेगळी बुरशी आहे. ती झाडाला पाणी आणि स्फुरद आणून देते आणि बदल्यात थोडी साखर घेते."

"मंग ती बी व्यापारीच नं?"

"हो. पण लिंकिंग करत नाही."

आतून फुईचं हसू ऐकू आलं. फुवांनी टोपी सरळ केली. मी सांगत राहिले की खत म्हणजे विष असं मी म्हणत नाही, पण घरजावयासारखं झाडाला सगळं आयतं देत राहिलं तर ते कशाला कुणाशी नातं ठेवील? बांधावरच्या मातीत ती बुरशी अजून आहे, तिथून ती वावरात परत आणता येईल, आणि बांध गेला तर कुठून आणणार?

"पुस्तक वाचीसन वावर पिकस का?" फुवा म्हणाले. "चाल, देवीसमोरच व्हई जाऊ दे. यंदा घटले मन्हा वावरनी माटी. भावकीमा मन्हा घट सगळासमा उंच उना, त जेसीबी. नही उना, त बांध तुन्हा."

घट म्हणजे नवरात्रात देवीपुढे शेतातली माती पसरून तिच्यात गहू पेरतात तो. ज्याच्या घटाचे अंकुर जोमदार, त्याचं पीक चांगलं, असं आमच्याकडे मानतात, आणि दसऱ्याला ते अंकुर पुरुषांच्या टोपीत खोचतात. फुई दर वर्षी ही माती बांधावरूनच आणायची. यंदा फुवांनी स्वतः मिरचीतली माती पाटीभरून आणली. बांधावरची ओंजळभर माती फुईने एका दुरडीत घातली, मूठभर गहू पेरले आणि दुरडी स्वयंपाकघरात माठाजवळ ठेवून दिली.

नवरात्रात मी तिथेच राहिले. तिसऱ्या माळेला दोन्हीकडे अंकुर दिसले. चौथ्या माळेला देवीपुढचे अंकुर माठाजवळच्यांच्या दुप्पट, आणि फुवा भावकीला बोलावून बोलावून दर्शन देत होते. पाचव्या माळेला शेंडे करपले. सातव्या माळेला सगळे अंकुर आडवे झाले आणि मातीवर पांढरीशुभ्र लव आली, कापसासारखी.

"देख!" फुवा माझ्यावरच ओरडले. "उनी तुन्ही बुरशी! आते सांग, कशी पिकस?"

"ही सडकी बुरशी आहे, फुवा. चांगली राहिली नाही की हीच येते. घटात काय टाकलं होतं?"

फुईने माती चिमटीत घेऊन नाकाशी नेली. खतासोबत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला जिभेची गरज नव्हती.

"तुमीन देवीले बी सोडं नही!"

"चिमूटभर टाकं व," फुवा म्हणाले. "देवीनं बी पोट भराले पाहिजे."

आरतीला आलेल्या बायका पदर तोंडाशी धरून अशा हसल्या की पुढची आरती टाळ्यांवरच झाली. मला मात्र मनसोक्त हसता आलं नाही. देवीला उपाशी ठेवू नये म्हणून तिला जाळून टाकणारा हा माणूस खोटा नव्हता, आणि खोटा नसलेल्या माणसाचा तिरस्कार करणं फार कष्टाचं असतं.

दसऱ्याला फुईने माठाजवळची दुरडी बाहेर आणली. अंकुर बुटके होते, पण ताठ आणि गर्द हिरवे. तिने जुडी तोडली, फुवांच्या खत कंपनीच्या टोपीत खोचली आणि भाकरी करायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी फुवांनी जाहीर केलं की जेसीबीवाला मोकळा नाही. तासाभरात जेसीबीवालाच मोटारसायकलवर दारात. "नाना, किती वाजता आणू मशीन? आज दिवसभर मोकळा आहे."

"मी मोकळा नही," फुवा म्हणाले आणि चपला घालून निघाले.

मी मागोमाग गेले. ते बांधावर निंबाखाली बसले होते. एका हातात वावरातलं ढेकूळ, दुसऱ्यात बांधावरची माती. ढेकूळ त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं, मग दगडावर आपटलं तेव्हा कुठे त्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या हातातली माती बोटांमधून आपोआप गळत होती.

"मन्हा बापनं वावर बठ्ठं असंच व्हतं," ते म्हणाले. "उपाशी राहेत आम्ही. पहिली गोणी उनी, तई मायनी गोणीले हळदकुंकू लावं. त्या सालले कणगी भरनी." त्यांनी गळून पडलेली माती पुन्हा ओंजळीत गोळा केली. "माले वाटनं, पोर, मी तिले खावाडी ऱ्हायनू."

मी त्यांच्याशेजारी निंबाखाली बसले.

पुढच्या आठवड्यात फुवा पुन्हा दोंडाईच्याला गेले, पंख्याखाली चहा घेतला आणि गोण्या आणल्या. एक कमी आणली, असं फुई म्हणते. मी खात्री केलेली नाही. बांधावरच्या दोन पाट्या माती त्यांनी मिरचीच्या एका सरीत नेऊन टाकली, एकाच, आणि कुणी पाहत नाही असं बघून. बांध या वर्षी आहे. पुढच्या वर्षी जेसीबीवाला पुन्हा विचारेल, आणि दर वर्षी नाही म्हणत राहण्याइतकं फुवांचं वय राहिलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. आज घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला विचारा, आपल्या शिवारात कधीच खत न पडलेली जागा कुठली? तिला ठाऊक असतं. तिचा हात धरून तिथे जा, ती दाखवील तेवढ्या तुकड्याच्या चारी कोपऱ्यांवर खुंट्या ठोका, आणि त्याच्या आत यंत्र जाऊ देणार नाही, असं तिथेच उभं राहून तिला कबूल करा.