ट्रावेम्युंडच्या वाळूवर बाहुल्यांचा खेळ

सासूबाईंना समुद्र दाखवायचं ठरलं ते त्यांचा चेहरा बघवेना म्हणून. नाशिकहून हॅनोव्हरला आल्यापासून त्या खिडकीशी बसून लेकीची काळजी करायच्या. माझी नणंद सुनीता साताऱ्याला असते. तिचा नवरा तिच्यावर हात उगारतो हे घरात सगळ्यांना माहीत, बोलत मात्र कुणीच नाही.

ट्रावेम्युंडला जाणाऱ्यांनी शनिवार गाठावा. पाच जणांना मिळून एकच स्वस्त तिकीट चालतं, पण फक्त रेगिओ, म्हणजे ठिकठिकाणी थांबणाऱ्या संथ गाड्यांना. त्यामुळे ल्युबेकपर्यंत गाड्या बदलत जावं लागतं आणि फलाट शोधताना नवऱ्याची, म्हणजे आमच्या अनिकेतची, तारांबळ फुकटात बघायला मिळते. वाळूवर छपराच्या वेताच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. वारा बोचरा असतो, खुर्ची घ्याच. मासे न खाणाऱ्यांनी डबा न्यावा. आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीने लाज राखली.

दुपारी किनाऱ्यावर एका म्हाताऱ्याने बाहुल्यांचा खेळ लावला. लाल टोपीवाल्या बाहुल्याने "सगळे आलात का?" असं विचारलं आणि पोरं एका सुरात हो म्हणून ओरडली. मग सूप गार झालं म्हणून त्याने बायकोला लाकडी पट्टीने झोडपायला सुरुवात केली. पट्टी फटाफट वाजत होती, मोठी माणसं हसत होती. मीही हसले, खोटं कशाला सांगू. शेजारची एक जर्मन आई तेवढी कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आल्झो, हल्ली बाकीचे खेळवाले बायकोला नाही, फक्त मगरीच्या बाहुलीला मारतात."

बाहुला पुन्हा पट्टी घेऊन बायकोच्या पाठीमागे आला, तेव्हा सगळी पोरं किंचाळली, "हिंटर डिअर!" आमची पाच वर्षांची इरा तर बाकावर उभी राहून.

"काय म्हणतेय गं ती?" सासूबाईंनी विचारलं.

"मागे बघ म्हणतेय, आई. त्या बाईला सावध करतेय. इथे पोरांनी ओरडायचंच असतं."

त्या उठल्या आणि पाण्याकडे चालू लागल्या. मी मागोमाग गेले.

"सुनीता आली होती गं माहेरी, श्रुती व्हायच्या आधी, अंगावर वळ घेऊन," त्या म्हणाल्या. "मी खणानारळाने ओटी भरली आणि एसटीत बसवून दिली. लोक काय म्हणतील म्हणून. ती खिडकीतून वळून वळून बघत होती. मी हसून हात हलवला."

फार वाईट वाटलं, त्यांचं आणि सुनीताताईंचंही. परतीच्या गाडीत इरा झोपली.

घरी आल्यावर बुटांतली वाळू झटकली, तरी तो खेळ डोक्यातून जाईना. रविवारी सकाळी सासूबाईंनी भारतात फोन लावायचं कार्ड मागून घेतलं. स्पीकर चालूच होता.

"सुनीता, निघून ये. या खेपेला मी तुझी ओटी भरणार नाही."

"आता कुठे येऊ, आई," सुनीताताई म्हणाल्या. "श्रुतीची दहावी आहे. तेव्हाची गोष्ट वेगळी होती." मग आवाज सावरून त्यांनी विचारलं, "समुद्र पाहिलास का?"

"पाहिला," सासूबाई म्हणाल्या.