भानुदासकाकांच्या ट्रकचा क्रँकबोल्ट

आमच्या गॅरेजात दोन गोष्टी कोणी फेकत नाही: जुने बोल्ट आणि जुने किस्से. बोल्टांचे डबे निदान कोपऱ्यात पडून राहतात, किस्से मात्र दर चहाला बाहेर निघतात. यंदाचे सगळे एकाच बोल्टाचे आहेत.

बोल्ट भानुदासकाकांच्या ट्रकचा. काका अंतरवाली सराटीचे, ट्रक माझ्यापेक्षा वयानं मोठा. क्रँकशाफ्टच्या टोकाला पुली धरून ठेवणारा मोठा बोल्ट असतो, त्याचे आटे झिजले होते. नवा मिळाल्याशिवाय इंजिन चालू करणार नाही, असं माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सांगून टाकलं. तिकडे काकांच्या मुलांनी रविवारी भंगारवाल्याला बोलावलं होतं. तोवर चालू झाला तर ठेवा, नाहीतर द्या.

आणि काकूंना कारमध्ये, एसटीत, कशातही मळमळतं. गुडघे गेल्यापासून त्या माहेरी अंबडला जातात ते फक्त या ट्रकमधून. काका खाली स्टूल लावतात, मग काकू वर केबिनमध्ये.

*

मी बोल्टाचं माप घेतलं आणि मोबाइलवर शोधायला बसले. अप्पा मागे उभे.

"मोबाइलवर बोल्ट हातात घेता येतो का?"

"अप्पा, आटे मोजलेत मी."

"आटे मंग मोज. आधी वजन बघ."

हे असं बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. स्क्रीनवर आलं, उपलब्ध नाही. अप्पांचा चेहरा उजळला.

"बोल्ट मिळाला नाही म्हणून खूश होणारे मिस्त्री तुम्हीच," मी म्हटलं.

"त्याच्यासाठी न्हाई गं. आता तू माझ्यासंगं मस्तगडला येशील."

*

मस्तगडला सलीमचाचांचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. चाचांनी आमचा झिजलेला बोल्ट हातात घेतला, फिरवला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"बेटा, याला मी माझ्या शादीच्या आधी पाह्यलं होतं."

"मग आता आहे का, चाचा?"

"शादी हाये. बोल्ट न्हाई."

तरी त्यांनी माळा उपसून जवळपासचा एक दिला. गॅरेजात लावून पाहिला तर दोन-तीन फेरे गेला आणि अडला.

"जोर लावा, बसंल," काका म्हणाले.

"काका, आटे जोरानं बसत नसतात."

"आमचा संसार तसाच बसला की."

*

मग काका आणि अप्पा अंबडच्या भंगारबाजारात गेले. म्हणे तिथं अगदी तसाच ट्रक तोडायला आलाय. सकाळी गेलेले दोघं दिवस कलताना परतले. काकांच्या हातात हॉर्न.

"बोल्ट कुठंय?"

"त्याचा बी बोल्ट गेल्ता," काका म्हणाले. "पण आवाज ऐक याचा."

मी वैतागून विचारलं, इतका वेळ काय करत होतात? अप्पांनी मला बाजूला घेतलं.

"तुझे काका त्या ट्रकच्या केबिनमंदी बसून राह्यले होते. उठवावं वाटंना."

हॉर्न मी पुसून ट्रकच्या केबिनमध्ये ठेवला.

*

शनिवारी काकू रिक्षानं आल्या. ट्रकला शेवटचं बघायला. उतरल्या, कडेला ओकल्या, चूळ भरली आणि गॅरेजातल्या देवळीपुढं हात जोडले.

देवळीत गणपतीशेजारी एक लांबट, शेंदूर लावलेला देव आहे. आजोबांपासूनचा. खंडेनवमीला पाने-पेचकस मांडतो तेव्हा पहिलं कुंकू त्याला, आणि रोज सकाळी अप्पा त्याला तेल लावतात. हा कोणता देव, असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं: "पाया पड आन् गप बस."

काकू वाकून पाहत राहिल्या.

"अवं, हा तर आपला बोल्ट."

काकांनीही वाकून पाहिलं.

"ट्रक नवा आल्ता तवा मी ह्यान्ला म्हणलं, एक जादा घ्या. मंग तुमच्या वडलांकडं दिल्ता, अप्पा. जपून ठेवा म्हणलं होतं."

आजोबांनी जपून ठेवला होता.

मी देवळीजवळ गेले आणि नखानं शेंदूर खरवडला. रोजच्या तेलानं आत गंजाचा ठिपका नव्हता. गेज लावलं. आटे बरोबर.

अप्पा मात्र मागे सरकले. "देवाला कसं उचलावं, वहिनी?"

"का? देव काय नुसता बसून खायला हाये का? लावा कामाला."

अप्पांनी हात धुतले, चपला काढल्या आणि बोल्ट बसवला. काकांनी स्टूल लावलं. काकू वर चढल्या आणि काकांनी आणलेल्या हॉर्नवर हात ठेवून बसल्या. इंजिन एका सेल्फात लागलं.

रविवारी भंगारवाला आला तेव्हा ट्रक अंबडला गेलेला होता.

सोमवारी सकाळी शटर उघडलं. देवळीत, गणपतीशेजारी, झिजलेला बोल्ट उभा होता. डोक्यावर कुंकू.

अप्पा म्हणतात, मी ठेवला. मी म्हणते, त्यांनी.