सासूबाईंचं नाव

मंडळी, दुपारपासून तोंड लपवावंसं वाटतंय. म्हणून इथेच सांगून टाकतो.

माझी बायको पाउला मूळची चिलीची. लग्नाला तीन वर्षं झाली, आम्ही कोथरूडला राहतो. तिचा व्हिसा वाढवायचा होता, म्हणून आज दोघं व्हिसा कार्यालयात मुलाखतीला गेलो. लग्न खरं आहे ना, हे तिथे तपासतात.

तिथल्या अधिकारी मॅडमनी आधी पाउलाला विचारलं. माझ्या आईचं माहेर, मावश्यांची नावं, बाबांचं ऑपरेशन कसलं झालं, तिने सगळं मराठीत घडाघडा सांगितलं.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमच्या सासूबाईंचं नाव?"

ते मी कधी विचारलंच नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मी हात हलवतो आणि चहा टाकायला उठतो.

"काय जावईबापू, फार अवघड विचारलं का?" मॅडम म्हणाल्या.

पाउला पटकन म्हणाली, "मॅडम, त्याला माहीत आहे. तो फक्त घाबरला आहे."

मॅडमनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि अर्जावर सही केली.

पार्किंगमध्ये मी हळूच विचारलं, "काय गं नाव त्यांचं?"

"कार्मेन," एवढंच म्हणून तिने हेल्मेट घातलं.

व्हिसा बहुतेक मिळेल. पण माझी लाज राखायला तिला आज खोटं बोलावं लागलं, ते डोक्यातून जात नाही.

उद्या कार्मेनबाईंना मी स्वतः फोन करणार आहे. तीन वर्षांनंतर पहिलं वाक्य काय बोलावं, कुणी सांगाल का?