माइकवाल्याचं हॅलो

आमचा माइकवाला भारी बोलघेवडा. स्वतःच्या लग्नातही हाच बडबडत होता, असं त्याची सासू सांगते. शांतता पसरली की याला वायर तुटल्याचाच संशय!

परदेशातल्या भूकंपात गेलेल्यांसाठी सभागृहात सर्वधर्मीय प्रार्थना होती. धर्मगुरूंनी दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं, तेव्हा हा वायरींत डोकं घालून बसलेला. अर्ध्या मिनिटात ओरडला, “हॅलो! ऐकू येतंय का?”

“अहो, मौन चाललंय!” शेजारी बसलेली त्याची बायको करवादली. लोकांना हसू आवरेना.

भूकंप झालेल्या त्या देशातून आलेली एक नर्स मात्र उभी राहिली. “चार दिवस मीही फोनवर हेच ओरडतेय. भाऊ ओ देत नाही.”

माइकवाल्याने माइक तिच्यापुढे धरला. तिने भावाला नावाने हाक मारली. मग धर्मगुरूंसकट सगळं सभागृह तेच नाव घेऊ लागलं.

गप्प होता तो एकटा माइकवाला.