सोपान वाट चुकला नव्हता

अन्याय झाला तो नाईक सोपान मरगळेवर. यंदाच्या पंधरा ऑगस्टला, झेंडावंदनानंतर, मुळशीतल्या आमच्याच गावात. पाहुणे माइकवर म्हणाले, "बिचारा जंगलात वाट चुकला आणि शहीद झाला." टाळ्या पडल्या. त्याची आई पहिल्या रांगेत होती. मी फौजेत त्याच्याच सेक्शनमध्ये होतो, म्हणून लिहितोय.

आमची पोस्ट आसामच्या डोंगरात होती. सकाळी पेट्रोलिंग, परत आलो की हत्यारं साफ करायची, मग जेवण. त्या सकाळी आम्ही सहा जण, प्रमुख सोपान. हुकूम साधा होता: डोंगराच्या धारेवरच्या नाहोरच्या झाडापासून उजवीकडे उतरा. नाहोर आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं. तिथल्या वाटाड्यानं खुणा दिल्या होत्या. कोवळी पालवी लाल, पानं सुटी, म्हणजे एका देठाला एकच, समोरासमोर, पाठीला पांढुरकी. साल राखाडी, पापुद्रे सुटणारी.

धारेवर पहिलं लाल झाड दिसलं आणि मी म्हणालो, "आलं." सोपाननं फांदी खाली ओढली. घरी शेरडांना पाला तोडून घालायचा, तसाच.

"काय नाईक, शेरडं आणलीत व्हय संगं?" मी चिडवलं.

"पाच हायेत की मागं. मुकाट चालत्यात तेवढं बरं." मग पान माझ्यापुढं धरलं. "एका देठावर सहा पानं. हे आपल्याकडचं कुसुम हाय. पुढं चला."

वायरलेसवर त्यानं कळवलं, "पहिलं झाड नाहोर नाही. पुढे जातोय. ओव्हर."

"रॉजर. आउट."

दुसऱ्या झाडाची पानं सुटी निघाली. पाठीवर अंगठा घासला, पांढरं लागलं. सालीचा पापुद्रा नखानं सुटला. "हेच. उतरा."

तेवढ्यात डावीकडून अतिरेक्यांचा फायर आला. सोपान खोडाआड बसला.

"नाईक, चला," मी ओरडलो.

"तू हो खाली. मी हितं हाय."

त्याच्या रायफलीच्या आडोशानं आम्ही पाचही जण उतरलो. पहिल्या झाडाखाली कडा होता; तिथून उतरलो असतो तर कड्यावर अडकून पाठीत गोळ्या खाल्ल्या असत्या. कुमक पोहोचली तेव्हा सोपान त्याच खोडाला टेकून होता. मॅगझिन रिकामी होती.

मी त्याच्या हाताखाली होतो, हे कुठंही छाती काढून सांगतो.

सव्वीस जानेवारीला पुन्हा माइक लागेल. गाववाल्यांनो, तुम्ही मैदानात असाल. कोणी 'चुकला' म्हणालं तर टाळी वाजवू नका. उभे राहा आणि त्याच्या आईला ऐकू जाईल असं बोला: सोपाननं झाड ओळखलं, पाच जणांना बरोबर वाटेनं खाली उतरवलं, आणि मग तो जागचा हलला नाही.