आईने ठरवलेली कावीळ

त्या उन्हाळ्यात मला जी कावीळ झाली ती माझ्या आईने स्वयंपाकघरात, फोडणी घालता घालता ठरवली. लोकांना कावीळ पाण्यातून होते, मला मोहरीतून झाली.

खरी गोष्ट अशी की मला कामावर जाता येईना. सातपूरच्या एका कारखान्यात मी नऊ वर्षं प्लॅनिंगला होतो. म्हणजे कुठला माल कुठल्या तारखेला बाहेर पडेल ते छातीठोकपणे सांगायचं, आणि नाही पडला की दहा जणांच्या शिव्या खायच्या. एका सोमवारी गाडीवरून गेटपर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. हजेरीच्या मशीनवर बोट ठेवायचं होतं, पण हात उचलेना. वॉचमन म्हणाला, "साहेब, पेट्रोल संपलं का?" मी म्हटलं, "हो." त्यानंतर दीड तास मी तिथे उभा होतो. माझ्या सावलीत दोन कुत्री येऊन झोपली, आणि झोप पुरी करून गेलीसुद्धा.

फोनचं तर विचारूच नका. घंटी वाजली की छातीत इतकं धडधडायचं की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, "मिक्सर बंद करा हो, बाळ झोपलंय!"

डॉक्टर म्हणाले, बर्नआउट आहे, महिनाभर कामाचं नाव काढू नका. मी घरी येऊन सांगितलं. आईने विचारलं, "याला मराठीत काय म्हणतात?"

"तसं काही म्हणत नाहीत."

"मग तो आजार नाही. आणि दिंडोरीच्या लोकांना काय सांगू मी? मुलगा धडधाकट आहे, पण नुसता बसून आहे?"

दिंडोरीचे लोक म्हणजे ज्यांची मुलगी आम्ही महिन्यापूर्वी पाहिली होती. वडील द्राक्षबागायतदार, मुलगी देवळाली कॅम्पला एका लॅबमध्ये रक्त तपासते. पाहण्याच्या दिवशी आम्हा दोघांना गच्चीवर दहा मिनिटं दिली होती. त्यातली नऊ मी एका अडकलेल्या कन्साइनमेंटवर बोललो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही श्वास कधी घेता?" मी तिथल्या तिथे खलास. त्यांच्याकडूनही होकार आला. राहिली होती फक्त बैठक, मोठ्या माणसांनी बसून लग्न पक्कं करायची. ती मोडली असती तर मी काय केलं असतं, या विचाराने मला दिवसातून सात वेळा घाम फुटायचा. म्हणून आईने "कावीळ सांगू" म्हटलं तेव्हा मी मान हलवली. कावीळ कशी, सभ्य आजार. कुणी जास्त विचारत नाही.

विचारत नाही, पण पाजतात! चार दिवसांत सगळ्या कॉलनीला बातमी कळली आणि उसाचा रस सुरू झाला. मी इतका रस प्यायलो की निफाडच्या साखर कारखान्याने माझ्यावर दावा लावला असता. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. आईने खोटं सुरू केलं आणि इतक्या निष्ठेने पाळलं की तीन आठवडे मला उकडलेला दुधी घातला. मी एकदा म्हटलं, "आई, आपण दोघंच आहोत घरात." ती म्हणाली, "वास बाहेर जातो."

मग मुलीचे वडील आले. बागेतला माल नुकताच काढून झालेला, माणूस मोकळा. माझ्यासाठी ते थेट पेठच्या डोंगरात जाऊन काविळीची माळ घेऊन आले होते. कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ लांब होत होत गळ्यात येते. त्यांनी ती स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवली. "पाव्हणं, लय गुणकारी हाय. काढायची नाय."

मी दोन दिवस त्या मुकुटासकट बसून होतो. नसलेली कावीळ उतरणार कशी? माळ तिथेच राहिली तर? पण तिसऱ्या दिवशी ती कानांवरून घसरून गळ्यात आली. ज्याला रोगच नाही त्याचाही रोग बरा करणारी माळ! पण मला हसायला सवड मिळाली नाही, कारण माळ उतरल्याचं ऐकून मुलीचे वडील आईला फोनवर म्हणाले, "आता पोरगीलाच घेऊन येतो. घरच्या घरी रक्त घेईल, रिपोर्ट आला की बैठक."

रविवारी दोघं आले. वडील बाहेरच्या खोलीत आईशी बोलत बसले. ती सामानाची पिशवी घेऊन माझ्या खोलीत आली, माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि अगदी लॅबच्या आवाजात विचारलं, "लघवी पिवळी होते का?"

आमच्या प्रेमकथेतला हा दुसरा प्रश्न.

मी काहीतरी पुटपुटलो. तिने माझी पापणी खाली ओढली. "इतके पांढरे डोळे तर माझेही नाहीत."

मी ते डोळे मिटून घेतले.

"हे रक्त नेलं की रिपोर्ट नॉर्मल येणार. बाहेर बसलेले आण्णा विचारतील, कावीळ नव्हतीच का? मी खोटा रिपोर्ट देत नाही. मग तुम्ही सांगता, की मी?"

सुई टोचायच्या आत मी तिला सगळं सांगितलं. गेट, वॉचमन, कुत्री, फोन. तिने मध्ये एकदाही "अरेरे" म्हटलं नाही. पट्टा सोडला, पिशवी बंद केली आणि म्हणाली, "चला बाहेर."

माझ्या खोलीपासून बाहेरच्या खोलीपर्यंत आठ पावलं आहेत. मला ती त्र्यंबकपर्यंत चालत गेल्यासारखी वाटली. मी वडिलांसमोर उभा राहिलो. "मला कावीळ नाही. नव्हतीच."

आईने पदर तोंडाला लावला. वडिलांनी कप खाली ठेवला. "म्हंजे मी पेठला उगाच जाऊन आलो?"

"हो."

"दारू पिता?"

"नाही."

"दुसरी कोणी हाय?"

"नाही हो."

"मग काय झालं काय तुम्हाला?"

"कामावर जाता येत नाही. गेटपर्यंत जातो, हात उचलत नाही. थकलोय."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "माल काढल्यावर बागेलाबी आम्ही विश्रांती देतो. महिनाभर हात नाय लावत." माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण बागेला पोरगी नाय देत."

"आण्णा," ती म्हणाली, "बैठक पुढे ढकला. मोडू नका."

"कवापर्यंत?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागले. नऊ वर्षांत कुणी तारीख विचारली आणि मी दिली नाही असं झालं नव्हतं. जिभेवर तीन तारखा तयार होत्या, तिन्ही खोट्या.

"माहीत नाही," मी म्हटलं.

वडील उठले, आईला नमस्कार केला आणि जिना उतरले. ती चपला घालताना हळूच म्हणाली, "मी फोन करणार नाही, तुम्ही दचकता. शनिवारी दोनला लॅब सुटते. जमलं तर या. नाही जमलं तर त्याच्या पुढच्या शनिवारी."

शनिवारी मी साडेदहालाच देवळालीच्या बसमध्ये बसलो. वाटेत दोनदा उतरलो, दोनदा पुढची बस धरली. लॅबच्या दारात पोचलो तेव्हा बारासुद्धा वाजले नव्हते. तिने काउंटरमागून घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बसा. अजून बरीच सॅम्पल्स आहेत."

मी बाकावर बसलो. शेजारच्या रिटायर्ड फौजी काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "उपाशीपोटी की जेवून?"

"नाही काका, मला काही तपासायचं नाही. मी नुसता बसायला आलोय."

"मग जरा तिकडं सरका," काका म्हणाले. "पंख्याखाली आजारी माणसं बसतात."