पार्बताकाकूने वाढवलेला कोट

आमच्या घरी आजोबांचा एक काळा कोट आहे आणि त्याच्या दोन्ही कुशींना तपकिरी पट्ट्या आहेत. पाहुणे बघतात आणि हसतात. हसोत बापडे! आमच्या पार्बताकाकूची हिंमत त्यांनी कुठे पाहिली आहे?

आजोबा खुशालराव अंजनगावजवळच्या आमच्या गावचे पाटील. अमरावतीला साहेबाच्या दरबारात जायचं म्हणून त्यांनी हा लोकरी बनातीचा कोट शिवून घेतला. पुढे घरातला प्रत्येक नवरदेव तोच घालून वरातीला निघू लागला. एकतीस साली माझ्या वडिलांचं, शेषरावांचं, लग्न ठरलं. कोटाला कुबट वास येत होता, म्हणून काकूने तो धुवायला काढला. आम्ही पडलो कापूस पिकवणारे. कापड म्हणजे सुती आणि ते सोडा टाकून उकळायचं, एवढंच आम्हाला माहीत. काकूने लोकर उकळली. गुडघ्यापर्यंतचा कोट आटून कमरेवर आला आणि वडिलांचा हात बाहीत शिरेना.

काकू म्हणजे माझ्या थोरल्या काकांची, भगवंतरावांची, विधवा. आजीला, गोदाबाईला, तेवढं निमित्त पुरलं. "इधवेचा हात लागला म्हून झालं हे! तू लग्नाले येऊ नोको."

"हातानं नाही आत्याबाई, उकयत्या पान्यानं झालं," काकू म्हणाली. "कोट मीच नीट करन, आन् लग्नाले बी येईन."

कोट घेऊन ती अंजनगावच्या शिंप्याकडे गेली. तो म्हणाला, लांबी गेली ती गेली, कुशी आणि बाह्या उसवून मध्ये पट्ट्या घालता येतील, पण बनात अशीच जाड हवी. बाजारात तशी मिळेना. काकूच्या पेटीत मात्र होती. काकांचे सगळे कपडे तेराव्यानंतर वाटून टाकले होते. त्यांचा तपकिरी कोट तेवढा तिने कोणाला दिला नव्हता. तो समोर आला तशी शिंप्याची कात्री अडली.

"बाई, पयले इचार करा."

"केला," म्हणत काकूने कात्री ओढून घेतली आणि पहिला काप स्वतः दिला. मला सांगताना म्हणायची, "डोये वाहून रायले होते पोरी, पन काप सरय गेला."

लग्नाला निघायच्या सकाळी वडील कोट घालून बाहेर आले. आजीने पट्ट्या ओळखल्या. "मेल्या मानसाचं कापड नवरदेवाच्या आंगावर? काढ ते!"

"काढू देनार नाही," काकू म्हणाली. "धाकट्याच्या वरातीत मोठा भाऊ नको काय, आत्याबाई?"

 आजीने ती तपकिरी पट्टी मुठीत धरली आणि लेकाचं नाव घेऊन रडू लागली. बंड्यांना बैल जुंपून झाले तरी तिला पट्टी सोडवेना. शेवटी आजोबांनी तिला बाजूला केलं, तेव्हा कुठे तिला सुनेची आठवण झाली.

"पार्बते, चाल, तू बी चाल," ती म्हणाली.

काकू केव्हाच पहिल्या बंडीत जाऊन बसली होती.